रेडिओच्या लायसनची पाच पानं

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, नातवंडं म्हणतात आजी सोडून दे, पण नाही सुटत.

सत्तर सालानंतरची गोष्ट. भोर ठाण्यात मी एकटी बाई शिपाई. शाळा सातवीपर्यंतची, पुढचं ठाण्यातले जुने कागद वाचून वाचून शिकले. अक्षर बरं, म्हणून स्टेशन डायरीपासून दाखल्यांपर्यंत सगळं लिखाण माझ्याच गळ्यात.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयातून लायसन काढावं लागे. एक छोटं पुस्तक मिळे. दरवर्षी त्याच्या एका पानावर तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. लायसन माणसाच्या नावाचं. जुना सेट विकला तरी ते सेटबरोबर जात नसे. घेणाऱ्यानं आपल्या नावाचं नवं काढायचं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असे. घेणाऱ्याला कोण सांगणार?

एक दिवस लायसन तपासणारे साहेब एका बाईला घेऊन ठाण्यात आले. भाटघरजवळच्या वाडीतली, बौद्ध कुटुंबातली, पंचविशीची. साहेबांनी विचारल्यावर तिनंच घरातल्या तसबिरीमागून कागद काढून दिला होता. शिक्क्याचं एक सुटं पान. त्यावरचा नंबर टपाल कार्यालयात पाहिला, तर तो भोरातल्या एका मयत कारकुनाच्या नावावर. हवालदारांनी लगेच ठरवून टाकलं, त्या घरी चोरी झाली. सेट मुद्देमालात जमा, बाई भिंतीशी जमिनीवर.

मी पाणी दिलं. ती म्हणाली, "बाई, म्या दुकानात इचारलं व्हतं, लायसन हाय का. त्यांनी ह्यो कागद दिला. सेट ठिवा तुमी, पर माजं नाव चोर म्हनून लिवू नका."

ती असं का म्हणते, ते मला माहीत होतं. सुईणीच्या सरकारी प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती, आणि चारित्र्य पडताळणीचा तिचा फॉर्म माझ्याच टेबलावर होता. शनिवारपर्यंत तो पुण्याला पोचला नाही तर जागा गेली. आरोपी म्हणून नाव चढलं असतं तर फॉर्म पाठवायचा प्रश्नच नव्हता.

फौजदारसाहेबांकडे मी दोन दिवस मागून घेतले. कारकुनाचं घर ठाण्यापासून दोन गल्ल्यांवर. तिथं जाऊन विचारावं असं एकालाही सुचलं नव्हतं! मी गेले. त्यांच्या बायकोनं सांगितलं, चोरी कसली, हे गेल्यावर सेट आणि लायसनचं पुस्तक, दोन्ही बाजारातल्या रेडिओवाल्याला देऊन टाकलं.

रेडिओवाला आला. पांढरेशुभ्र कपडे. त्याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. हवालदारांनी चौकशी केली ती पाहुण्याची करावी तशी. पुस्तक दुकानात कुठंतरी पडलं असेल म्हणाला, पान हिनंच फाडून नेलं असेल. "अहो, या लोकांना कागद कळतो का? चिटोरं दिसलं की उचलायचं." ती तिथंच बसून ऐकत होती. हवालदार हसले. मी जबाब लिहीत होते, टाकाचं निब कागदात रुतलं.

मग डोक्यात आलं, यानं हिला पान दिलं तर आणखी कुणाला दिलं नसेल कशावरून? त्याची रेडिओची खोकी वेल्ह्याकडं एसटीच्या टपावरून जायची. कंडक्टरला गावं पाठ. विंझर म्हणाला, गुंजवणे म्हणाला. वेल्हे ठाण्याला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी साधं लुगडं नेसून निघाले. बाप्ये अंगणातूनच सांगत, आमच्यात रेडिओ न्हाई. आणि त्यांच्याच डोक्यावर छपराला एरियलची तार! मी सरळ चुलीपाशी जाऊन बसले. कुणाला धरायला आले नाही, हेही सांगितलं. तिथं बायका बोलल्या. विंझरला एका म्हातारीनं तांदळाच्या कणगीतून पान काढलं, "लई जपलंय गं," म्हणाली. गुंजवण्यात देव्हाऱ्यातून निघालं, त्यावर हळदकुंकू वाहिलेलं. अशी दोन गावांत चार पानं मिळाली, सगळी त्याच दुकानातली. पंच बोलावून पंचनामे केले.

ठाण्यात आल्यावर पाचही पानं टेबलावर मांडली. नंबर एकच. आणि कोपऱ्यात शाईचा डाग, पहिल्या पानावर रुपयाएवढा, पुढं लहान होत पाचव्यावर नुसता ठिपका. कारकुनाची दौत कधीतरी पुस्तकावर सांडली होती. दुकानाची झडती घेतली, तर गल्ल्याखालून पुस्तकाचं पुठ्ठ्याचं वेष्टण निघालं. त्यावर तोच डाग. एकाच्या लायसनवर यानं पाच सेट विकले होते.

तरी हा म्हणतो कसा, "पुस्तक एकाचं, उपयोग पाचांना झाला. बिघडलं काय?"

चौकशीसाठी रोज येऊन भिंतीशी बसणारी ती उठून उभी राहिली. "शेठ, मला कागद कळतो. तुमी खोटा दिला, येवढंच तवा कळलं न्हाई." हवालदार या वेळी हसले नाहीत.

तिचं नाव साक्षीदारांत लिहिलं. फॉर्मवर त्याच दुपारी फौजदारसाहेबांची सही घेतली आणि टपालावर भरवसा न ठेवता शनिवारी एसटीनं जाऊन पुण्याला स्वतः देऊन आले. ती सुईण झाली. पुढं कितीतरी बाळंतपणं तिनं केली, त्यात हवालदारांच्या सुनेचंही.

पण सेट जप्त झाले ते पाच घेणाऱ्यांचे. नवं लायसन काढीपर्यंत ठाण्यात धूळ खात पडले. रेडिओवाला दंड भरून आठवड्याच्या आत दुकानात बसला. त्यातून मी एक शिकले. कागद कुणाकडे सापडला हे सगळेच विचारतात. तो त्याच्या हातात कुणी दिला, हे मी आधी विचारत आले.

पुढच्या वर्षी रेडिओवाल्याचा धंद्याचा परवाना नवा करायचा होता. अभिप्रायासाठी कागद आमच्याकडे आला, म्हणजे माझ्याच टेबलावर. फौजदारसाहेब सांगू लागले, "लिहा, चालचलणूक चांगली."

मी टाक खाली ठेवला. म्हटलं, "साहेब, एवढं तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी लिहिलं. टाक माझाच होता, दौतही माझीच. त्याची चीड अजून गेलेली नाही.