बंद तारेतले तीस व्होल्ट

हिराइवा शिगेओचं डोकं एकाच शब्दाने फिरायचं. 'सामान्यतः'. जपानातल्या तोयामाच्या डोंगरांत एकतीस वर्षं उच्चदाबाच्या टॉवरांवर चढलेला लाइनमन तो. गुडघे कुरकुरायला लागले होते, पण तोंड मात्र शाबूत.

"सामान्यतः माणूस टॉवरवरून पडत नाही," तो म्हणायचा, "म्हणून काय मी पट्टा सोडून बसू?"

ऑगस्टातली भर दुपार. घळीतल्या टॉवरवर डावीकडच्या तारा बंद करून तडकलेले इन्सुलेटर बदलायचे होते. उजवीकडच्या तारा चालूच. आता, शेजारची तार चालू असली की बंद तारेतही वीज उतरते, हे लाइनमनच्या बायकोलासुद्धा ठाऊक असतं! म्हणून जिथे हात घालायचा, तिथे दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, म्हणजे तार जमिनीशी जोडून टाकायची. पण ऑफिसच्या कागदावर लिहिलेलं, लांबच्या उपकेंद्रातलं एक अर्थिंग पुरे. बंद तारेत सामान्यतः तीस व्होल्ट. कागद घेऊन आले होते चाळिशीचे इंजिनिअर नोनाका.

"हे तीस आणले कुठून, नोनाकासान?"

"तक्त्यातून. दर किलोमीटरला इतकं, गुणिले लांबी."

"तो तक्ता सपाटीवरच्या रुंद टॉवरांचा! इथे घळीत तारा नाकाला नाक लावून चालल्यात. आणि आज शहरात घरोघर एसी चालू. चालू तारेतला प्रवाह काय तक्त्याला विचारून वाढतो?"

"तुमच्या अर्थिंगला चाळीस मिनिटं लागतील. चारला लाइन चालू करायचीय."

"मग पाचला करा! तिथे हात त्सुकादा घालणार आहे, तुमचा तक्ता नाही."

त्सुकादा हा हिराइवाचा बारा वर्षांचा जोडीदार. तो खाली मान घालून हातमोजे चढवत होता. साहेब आणि उस्तादाच्या भांडणात त्याने कशाला पडावं!

तिघे वर चढले. या लोकांत रीत अशी, की मुकादम एकेका वस्तूकडे बोट दाखवून मोठ्याने "योशी!" म्हणतो, म्हणजे ठीक आहे, आणि त्याशिवाय कुणी कशाला हात लावत नाही. इथला मुकादम हिराइवा. त्याने हाताची घडी घातली. बोट उचललंच नाही.

मिनिटभर वाट पाहून नोनाकांनीच तारेकडे बोट केलं. "योशी!"

हिराइवाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने जन्मात नट आवळला नाही, तो योशी म्हणणार? त्याने त्सुकादाला जागीच थांबवलं.

"आकडा खरा आहे ना? मग आधी तुम्ही लावा हात."

आणि अहो, नोनाकांनी खरंच हात पुढे केला! त्या बापड्याचा कागदावर तेवढा विश्वास होता. हिराइवाने त्यांचं मनगट असं खसकन मागे ओढलं, की त्यांचा खांदा लोखंडावर आपटला.

"मरायचंय का?"

मग त्याने लांब काठीच्या टोकाचं मीटर तारेला टेकवलं. चारशे साठ व्होल्ट. नोनाका आकड्याकडे बघतच राहिले.

हिराइवाने दोन्ही बाजूंना अर्थिंग बांधलं, पुन्हा मीटर लावून पाहिलं आणि बोट दाखवून "योशी" म्हटलं. त्सुकादाने मगच हात घातला. काम पाचला संपलं. खाली उतरतात तोच ऑफिसचा फोन.

"एक तास उशीर! कारण काय लिहू, हिराइवासान?"

"लिहा," हिराइवा म्हणाला. "तिघं चढले, तिघं उतरले. त्यातला एक तुमचा होता."