स्पेनमधली ऑक्टोबर छाटणी

आमच्या ह्यांचं नाव पुंजाराम. मी नाव घेत नाय, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण गोष्ट त्यांचीच सांगायची तर एकदा सांगून टाकते. मी अंबूबाई. माहेर देवळ्याचं, सासर दिंडोरीकडचं, अन् आता मुक्काम इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर. इथं माती बघायची म्हटलं तर तुळशीची कुंडी तेवढी हाय.

हा माणूस म्हणजे द्राक्षाचा माणूस. आमची दोन एकर थॉमसनची बाग होती. चैताली पोटात होती तेव्हा आम्ही दोघांनी काड्या लावल्या, म्हणून बाग अन् पोरगी एकाच वयाच्या. पोरीला ताप आला की मी जागायची, आभाळात ढग आलं की हे जागायचे. एकदा पोरीच्या शाळेत बक्षीस होतं, तर हे महाराज वेलींवरच्या डावणी रोगाचं औषध मारत बसले. म्हटलं, पोरीचं कौतुक नको का? तर म्हणतात, "पोरगी उद्याबी पहिली येईल. घड उद्या राहतोय का?" असं यांचं बोलणं. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण खोटं काय बोलले होते?

अन् बोलायचे किती! बागेत शिरले की तोंडाला खळ नाय. वेलीला शिव्या, गड्यांची थट्टा, मला चिडवणं. ऑक्टोबर छाटणी, घड धरायसाठीची, म्हणजे तर आमच्या घरची दिवाळीच्या आधीची दिवाळी. दसऱ्याला कात्र्या धुऊन पुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. मग मुहूर्ताची पहिली काडी घरातल्या बाईनं कापायची, ही माझ्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत. मी काडी कापली की हे ओरडायचे, "चला रे, मालकिणीनं हुकूम दिला!" सगळे गडी हसत हसत ओळीला लागायचे. एरवी वर्षभर 'अगं' अन् 'ए'. पण त्या एका सकाळी मी मालकीण. त्या सकाळच्या जोरावर मी पुढचं वर्ष काढायची, खरं सांगते.

मग दोन हंगाम लागोपाठ गारा झाल्या. ह्यांचे गुडघे गेले. चैताली लग्न होऊन परदेशी. पुतण्या सहादू म्हणाला, "काका, जमीन मी कसतो, पण द्राक्ष मला झेपायचं नाय. टमाटे लावतो." पोराचं बरोबरच होतं. पण हे मला काय बोलले नाय. म्हणाले, "देवळ्याला जाऊन ये, तुझ्या भावाकडं कांदा काढणी हाय, माणसं मिळंनात त्याला." मी आपली हौसेनं गेले. परत आले तर रान सपाट! जेसीबीनं बाग उपटून बांधाला खोडांचा ढीग घातलेला. मी त्या ढिगाकडं बघत उभी, अन् हे म्हणतात, "चहा टाक."

चहा टाक! हंड्यानं पाणी घालून जगवलेली बाग माझी, अन् मला विचारायचं तर सोडाच, सांगितलंसुद्धा नाय. मला माहेरी धाडून चोरासारखं उरकलं. मी चहा टाकला. पण त्या दिवशी हा माणूस माझ्या मनातून उतरला.

पुढं आम्ही इंदिरानगरला आलो, अन् ह्यांचं तोंड बंद झालं ते झालंच. काही विचारलं की 'हं'. पुन्हा विचारलं की उठून गॅलरीत. बागेचं नाव काढलं तर चप्पल घालून खाली. वर्ष गेलं असं. घरात दोन माणसं, अन् आवाज काय तो कुकरच्या शिट्टीचा.

आमची चैताली स्पेनमध्ये असते, सारागोसाला. जावई हर्षलचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. विमानवाल्यांच्या घरी पोरगी दिली, ती विमानानंच उडून गेली, असं मी म्हणते. मागच्या दसऱ्यानंतर तिनं आम्हाला बोलावून घेतलं. तिला सातवा महिना होता. गेल्या गेल्या म्हणाली, "आई, मी एका खेड्यात तुम्हा दोघांसाठी घर घेतलंय आठ दिवस. नवरा-बायकोनं निवांत राहायचं घर असतं ते. तुम्ही दोघं कधी कुठं गेलात का गं?"

"गेलो की. वणीच्या गडाला."

"तेव्हा बरोबर अख्ख्या गावाची जीप होती!"

पोरीला वाटलं, आईबापाची हौस होईल. तिला काय ठाऊक, मी मनात काय धरून आले होते. तिथं असेपर्यंत हा माणूस बागेबद्दल एक शब्द बोलला, तर ठीक. नायतर यांना जाऊ दे एकट्याला नाशिकला; मी पोरीच्या बाळंतपणाला राहीन, अन् परतले की थेट देवळ्याला भावाकडं जाईन. ह्या वयात? हो, ह्या वयात. मुक्या माणसाशेजारी बसण्यापेक्षा भावाचे कांदे निवडलेले काय वाईट?

हर्षलनं गाडीनं सोडलं. खेडं एवढंसं, अन् सामसूम. दुपारी दुकानं बंद, माणसं झोपलेली. घर दगडी, वर लाल कौलं, भिंती हातभर जाड. आत पलंग, अन् पलंगाशेजारी, खोलीतच, पांढराशुभ्र हौद, अंघोळीचा. हे वाकून बघत म्हणाले, "जनावरं आत आणतात काय पाण्याला?" त्या दिवसातलं एवढंच वाक्य. टेबलावर दोन नाजूक ग्लास अन् दारूची बाटली, किल्ली द्यायला आलेल्या म्हाताऱ्या घरमालकाकडून भेट. म्हटलं, आपल्या द्राक्षाचं इथं हे होतं तर. बाटली कपाटात ठेवली अन् त्या ग्लासांत चहा प्यालो.

मी बाजरीचं पीठ अन् ठेचा नेला होता. भाकरी थापायची, दोघांनी समोरासमोर बसून खायची, भांडी घासायची. एरवी घरात मी ह्यांच्या मागून जेवायची. तिथं टेबलच असं होतं की बाईनं मागं थांबायचं कुठं? पण समोर बसून करायचं काय, समोरचा ताटाकडं बघतोय. मी आपली बोलायची, इथली मेंढरं बघा, आभाळ किती स्वच्छ बघा. 'हं.' तीन दिवस असे गेले अन् मी मनात देवळ्याची वाट धरली.

घरापुढं चार ओळी द्राक्षं होती. बुटकी झाडं, मांडव नाय, तार नाय. फळ कधीच निघालेलं, पानं पिवळी-तांबडी होत चाललेली. हे सकाळी उठून त्या ओळींत जाऊन उभे राहायचे, काडी बोटांनी चाचपायचे अन् मान हलवायचे. मी खिडकीतून बघायची.

चौथ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते, अन् बाहेरून हाक आली, "अगं ए! कुठं बसलीस? ये की लवकर!"

देवाशपथ सांगते, माझ्या हातातला गोळा खाली पडला. वर्षानं ऐकला तो आवाज. पिठाच्या हातानं पळाले. हे ओळीच्या तोंडाशी उभे, पडवीतून कुठून तरी कात्री हुडकून आणलेली.

"दसरा होऊन गेला, अन् ह्यांची बाग तशीच! म्हाताऱ्याला झेपत नसंल. आपण करून देऊ."

"अहो, दुसऱ्याची बाग हाय. विचारलं का?"

"उपकार करायला काय विचारायचं? धर. पहिली काडी तुझी."

मला कळत होतं, असं करू नये. पण त्यांचे डोळे बघितले, अन् म्हटलं, चुलीत गेलं कळणं. कात्री घेतली अन् काडी कापली. त्या परक्या मुलखात, ना गडी ना कुणी, हे ओरडले, "चला रे, मालकिणीनं हुकूम दिला!" मला हसूबी आलं अन् रडूबी. मग काय, ह्यांच्या गुडघ्यांना जीव फुटला. कात्री चालतीय, तोंड चालतंय. "अंबे, ही ओळ बघ, अगदी तुझ्या भावासारखी, वाढ नुसती, फळ नाय!" मी काड्या गोळा करत मागं मागं. दोन ओळी बोडक्या झाल्या तरी कुणाला भान नाय.

मग घरमालक आला. हातात ताजा पाव. म्हातारबा फाटकात थबकला, पाव बांधावर ठेवला अन् डोक्याला हात लावला. मग जो बोलायला लागला! शब्द कळला नाय, पण बाग हातची गेली की माणूस कसा बोलतो ते कुठल्याबी भाषेत कळतं. मी चैतालीला फोन लावला अन् मोठ्या आवाजावर टाकला.

त्याचं ऐकून चैताली घाबरून सांगत होती, "नाना, काय केलंत हे! इथं वर्षातनं एकदाच छाटणी, ती कडक थंडीत, पानं सगळी गळाल्यावर. अजून पानं झाडाला खाऊ घालतायत. आता कोंब आले तर बर्फानं जळतील. नाशिकसारखी ऑक्टोबर छाटणी इथं नसते!"

ह्यांचं तोंड पार उतरलं. कात्री धरलेला हात तसाच. म्हाताऱ्यानं आणखी काही विचारलं.

"काय म्हणतो तो?" ह्यांनी विचारलं.

"जाऊ द्या नाना."

"सांग."

"ते म्हणतात, स्वतःच्या बागेत तरी असं कराल का?"

हे म्हणाले, "सांग त्याला, मला बाग नाय. उपटून टाकली. आमची दोघांची होती." अन् तिथंच ओळीत मटकन बसले अन् रडायला लागले, लहान पोरासारखं, हुंदके देऊन.

चैतालीनं ते कसं सांगितलं तिलाच ठाऊक, तिचाबी आवाज चिरकला होता. म्हातारबा ऐकत राहिला. मग वाकून ह्यांच्या हातातली कात्री काढून घेतली, खिशात घातली, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला, अन् पाव माझ्या हातात देऊन निघून गेला.

मी शेजारी मातीत बसले. मग हे बोलले. "तुला मुद्दाम धाडलं देवळ्याला."

"माहीत हाय मला."

"तू असतीस तर मी मशीन आत येऊ दिलं नसतं. तू नुसतं बघितलं असतंस ना माझ्याकडं, तरी आडवा पडलो असतो. मग सहादूचंबी नुकसान, आपलंबी. एकट्यानं उभं राहून बघितली एकेक ओळ जाताना. विहिरीकडच्या ओळी आल्या, तू पाणी घातलेल्या, तेव्हा बांधामागं जाऊन बसलो. तू आलीस तर तुला काय सांगायचं, तेच सुचंना. म्हणून चहा मागितला."

कुणाला वाटेल, मी विरघळले. छे! मी भांडले. वर्षभराचं तुंबलेलं सगळं काढलं. "दोघांनी लावली, तर दोघांनी रडायचं होतं! माझ्या वाटणीचं रडणंबी तुम्हीच खाल्लंत? अन् वर वर्षभर तोंडाला कुलूप! मी काय भिंत हाय घरातली?" त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदाबी उठून गेले नाय.

माझं संपल्यावर हळूच म्हणाले, "तू सगळ्या साड्या बांधून आणल्यास. ठेवणीतली इरकलसुद्धा. पोरीच्या बाळंतपणाला कुणी इरकल आणतं का? मी नाशिकलाच बघितलं पेटी भरताना."

म्हणजे माणूस गप्प होता, आंधळा नव्हता.

"घरी येशील ना परत?"

एवढ्या संसारात ह्यांनी मला 'चल' म्हटलं होतं, 'आण' म्हटलं होतं, 'ठेव' म्हटलं होतं. 'येशील ना' कधी म्हटलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. मग म्हटलं, "पोरीचं बाळंतपण करून येईन. तोवर भाकरी थापायला शिका."

राहिलेले दिवस काय सांगू! म्हातारबा रोज संध्याकाळी यायचा, जुन्या वाळक्या काड्यांवर ढोबळ्या मिरच्या भाजायचा, आम्ही भाकरीबरोबर खायचो. त्याची बायकोबी यायची. हे मराठीत बोलायचे, तो त्याच्या भाषेत, अन् दोघं माना डोलवायचे. दुपारी आम्ही दगडी बांधावर बसून आमची बाग आठवायचो: कुठल्या ओळीत साप निघाला होता, कुठल्या वेलीखाली चैतालीची झोळी बांधायचो. आज गॅलरीत बसले की मला ते ऊन आठवतं अन् जीव तिकडं ओढ घेतो. असं निवांत सुख मिळालं ते उतारवयात, अन् पहिल्यांदाच.

हे ठरल्या दिवशी परतले. मी राहिले. चैतालीला मुलगी झाली. ह्यांचा रोज फोन, भाकरी कशी फाटली, सहादूचे टमाटे कसे आले, शेजारचा काय म्हणाला. चैताली हसायची, "आई, नानांना आता बंद कसं करायचं गं?"

संक्रांतीच्या तोंडावर मी मुंबईला उतरले. बाहेर गर्दीत हे उभे होते, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, इस्त्रीचा सदरा घालून. सहादू सांगत होता, काका पहाटेपासून इथंच उभे, पाणी प्यायलाबी हलले नाय, म्हणतात तेवढ्यात बाहेर आली तर? मी समोर गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं.

"आलीस?"

एवढंच. फोनवर दम न घेता बोलणारा माणूस, पुढं शब्द फुटंना. ह्या गप्प बसण्याचा मात्र मला राग आला नाय. त्यांच्या हातात पेटी दिली.

"आले," म्हटलं. "चला घरी."