घासलेली जाळी

मुलगा फळ्यांमध्ये पालथा पडला होता. सून त्याला दंडाला धरून ओढत होती. ओढता ओढता तीही खाली बसली आणि आडवी झाली. मी पदर नाकाला लावून आत गेले, खिडक्या उघडल्या, शेजाऱ्यांना हाका मारल्या. भिंतीवर हवा साफ करायच्या मशीनचा जांभळा दिवा नीट जळत होता.

शेवगावात घरामागच्या खोलीत मुलगा दारांना पॉलिश मारायचा. ओल्या पॉलिशवर धूळ बसते, म्हणून खिडक्या बंद. थिनरच्या वासाने त्याचं आणि मदतीला असलेल्या सुनेचं डोकं जड व्हायचं, म्हणून त्याने ते मशीन आणलं. त्यातल्या जाळीवर जांभळा उजेड पडला की हवेतला वास मरतो, असं त्याने मला सांगितलं. वास बराच कमी व्हायचा, हे खरं.

दिवाळीच्या आवराआवरीत मी जाळी काढली. तिच्यावर पीठ बसल्यासारखा पांढरा थर होता. मला तो मळ वाटला. राख आणि काथ्या घेऊन मी जाळी घासली. सहज निघेना, म्हणून दगडाने घासली. लखलखीत करून परत बसवली.

"लई चकाकती की," मुलगा म्हणाला. "आता मशीनलाबी देवघरात ठिव."

"आत्याबाईंच्या हाती घावलं की चंद्राचा डागबी निघंल," सून म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो.

दिवाळीनंतर वास वाढला. मी म्हटलं, "खिडकी उघड."

"दिवा चालू हाय न्हवं? ह्या डब्यातलं थिनरच उग्र हाय," तो म्हणाला. मोठं काम होतं. दुसऱ्या दिवशीही तो सकाळपासून बंद खोलीत फवारत राहिला. जेवायला हाक मारली तर ओ आली नाही. सून बघायला गेली.

नंतर मशीन विकणारा आला. जाळी हातात घेऊन त्याने विचारलं, "ही कुणी घासली?"

"मी."

"आजी, वास मारणारं औषध म्हणजे तो पांढरा थरच. दिवा नुसताच जळत होता." जाळी खाली ठेवून म्हणाला, "पण खिडकी उघडी ठेवा, हेही मी तुमच्या मुलाला सांगितलं होतं."

सून तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन बोलली. मुलगा शुद्धीवर न येताच गेला. घरात आता ती आणि मी, दोघी आहोत.