खालच्या काकांची घासाघीस

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं. समोर आम्ही त्यांना रीतसर आडनावानं हाक मारतो, पण घरात ते खालचे काका आणि खालच्या काकू. माझा नवरा ज्या कंपनीत इंजिनियर आहे, तिथेच काका यंत्रांच्या देखभालीचे फोरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या बिल्डिंगची देखभाल स्वतःहून अंगावर घेतली. माझ्या सायकलची चेन सैल झाल्याचं माझ्याआधी त्यांना कळतं.

एका मार्चमध्ये सकाळीच ते सहलीचं माहितीपत्रक घेऊन वर आले. ते, काकू आणि काकूंची एक मैत्रीण, जिचं गावात वर्षानुवर्षं फुलांचं दुकान होतं, असे तिघं हिवाळ्यात थायलंडला जाणार होते. सहलीत एक दिवस पाण्यावरच्या बाजाराचा होता. कालव्यात होड्या, होड्यांत भाजी-फळं, होडीतच पेटलेल्या शेगड्या. फोटो सुंदर होता. काकांना घोर लागला होता तो फोटोखालच्या ओळीचा. तिथे लिहिलं होतं की इथे घासाघीस अपेक्षित आहे.

"अपेक्षित म्हणजे कोणाकडून?" त्यांनी मला विचारलं. "आणि नाही केली तर काय होतं?"

मी म्हटलं, काही होत नाही, जरा जास्त पैसे जातात. ते त्यांना पटलं नाही. छापलं आहे म्हणजे नियम असणार, आणि नियम पाळायचा तर तो नीट शिकायला हवा. घासाघीस होणार इंग्रजीत, आणि काकांचं इंग्रजी शाळेतच राहून गेलं होतं. मी भारतीय, तेव्हा मला इंग्रजीही येत असणार आणि घासाघीसही, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज निम्मा बरोबर होता. इंग्रजी मी पुण्यात शाळेत शिकवत होते, आठवीच्या मुलांना. जर्मनीत आल्यापासून मला ते कोणी मागितलं नव्हतं. माझं जर्मन जिन्यात भेटलं की हवेबद्दल दोन शब्द बोलण्यापुरतं. त्यामुळे कोणीतरी आपल्याकडे काहीतरी शिकायला आलंय, याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हणून बसले. घासाघिशीचं मात्र काही बोलले नाही. मी पुण्यात वाढले. तिथे दुकानदार भाव सांगतो हेच उपकार समजायचे असतात.

पाण्यावरचा बाजार तरी मी कुठे पाहिला होता? माझं सासर सांगलीचं. तिथे बाजार पाण्यात दिसतो तो महापुरात, आणि तेव्हा खरेदीला कोणी जात नाही. मग मी दोन-तीन संध्याकाळी व्हिडिओ बघत बसले. रुंद काठाच्या टोप्या घातलेल्या बायका, अरुंद होड्या, लांब काठीच्या टोकाला टोपली बांधून गिऱ्हाइकापर्यंत पोचवलेला माल. नवरा मागून जाताना म्हणाला, तू त्यांना शिकवतेयस की स्वतः चालली आहेस?

वर्ग दर गुरुवारी भरू लागला, काकांच्या तळघरात. तिथे त्यांचं वर्कशॉप होतं आणि कंपनीनं मोडीत काढलेल्या चाकांच्या खुर्च्या होत्या, ज्या काकांनी दुरुस्त करून ठेवल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सुचवलं की खुर्च्या म्हणजे होड्या आणि फरशी म्हणजे कालवा. मग आम्ही सगळे पायांनी वल्हवत एकमेकांकडे जाऊ लागलो. फुलवाल्या बाई विक्रेत्या झाल्या, कारण दुकानाचा अनुभव त्यांनाच होता. मी शब्द सांगत होते: पिकलेलं, कच्चं, ताजं, वल्हं, कालवा. केळ्यांना मराठीत फणी वेगळी आणि घड वेगळा, इंग्रजीत दोन्हीला बंच म्हटलं तरी चालतं. याचं काकांना वाईट वाटलं. इतक्या मोठ्या भाषेनं असा आळस करायला नको होता, असं त्यांचं मत पडलं.

शब्द पाठ झाले, पण अडचण व्याकरणात होती. मराठीत आंबा तो असतो आणि केळं ते. जर्मनमध्ये आंबा, केळं, अननस, नारळ, सगळ्या बायका. इंग्रजीत सरसकट इट म्हणायचं हे काकांना कळत होतं, पण भाव करायच्या भरात ते विसरायचे. एका गुरुवारी टोपलीतल्या आंब्याकडे बोट दाखवून ते मोठ्यानं म्हणाले, "शी इज टू ओल्ड. आय डोन्ट वॉन्ट हर."

टोपलीच्या मागे फुलवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आंबा पाहिला नव्हता, बोट पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी काकांना काहीही विकलं नाही.

काकूंचं वेगळंच. जर्मनमध्ये मिळण्याला बेकोमेन म्हणतात. त्यामुळे त्या होडीशी येऊन दर वेळी म्हणायच्या, "आय बिकम अ फिश, प्लीज." आणि इतक्या नम्रपणे म्हणायच्या की दुरुस्त करायला जीव धजायचा नाही. मासा मिळाला की त्या सांगितलेली किंमत द्यायच्या आणि वर बक्षिसीही.

खरी घासाघीस कोणालाच जमेना. फुलवाल्या बाई एक पैसा कमी करत नसत. किंमत लिहिलेली आहे, एवढंच त्या म्हणत, आणि टोपलीवरच्या चिठ्ठीकडे बघत. काकांना विक्रेता केलं तर ते होडीची झीज आणि वल्ह्याचा खर्च समजावून सांगत, आणि शेवटी गिऱ्हाइकालाच ती किंमत कमी वाटू लागे. शिवाय काकांना 'इफ' येत नव्हतं. जर्मनमध्ये जर आणि जेव्हा दोन्हीला एकच शब्द चालतो, म्हणून ते इंग्रजीतही सगळीकडे 'व्हेन' लावत. व्हेन यू विल गिव्ह मी टू, आय विल पे थ्री. मी पुन्हापुन्हा सांगायची की इफमध्ये शंका असते आणि व्हेनमध्ये खात्री. पण काकांच्या स्वभावातच शंका नव्हती. उन्हाळा लागला तरी आम्ही त्या एका वाक्यावर अडकून होतो.

जुलैमध्ये माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या चष्म्याची काडी निघाली. काका चष्मा खाली घेऊन गेले, कुठल्याशा घड्याळातला बारीक स्क्रू काढून बसवला आणि आणून दिला. सासूबाईंनी पर्स उघडली तर ते दोन्ही हात हलवून जिना उतरले. तेव्हापासून सासूबाईंच्या लेखी काका म्हणजे या गावातला एकमेव माणूस.

वर्गाबद्दल ऐकून त्यांनी विचारलं, "बाजारात पाणी असतं, की पाण्यात बाजार?" मी व्हिडिओ दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बसायला बरं आहे, पण उठायचं कसं?

सप्टेंबरमध्ये काकांनी ठरवलं की आता खऱ्या पाण्यावर सराव हवा. गावाबाहेर तळं आहे, तिथे पायानं चालवायच्या बोटी भाड्यानं मिळतात. विक्रेता मात्र बदलायचा. फुलवाल्या बाईंशी भाव करून काही उपयोग नव्हता, आणि थायलंडच्या बायकांना तरी इंग्रजी कुठे येत असणार? तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या माणसाशी सराव करू, असं म्हणून त्यांनी माझ्या सासूबाईंकडे आदरानं पाहिलं.

मी सासूबाईंना नीट समजावलं. "आई, ते किंमत विचारतील. तुम्ही हाताची पाच बोटं दाखवा. ते दोन म्हणतील, तुम्ही मान हलवा. मग तीनवर तोडा." त्या हो म्हणाल्या. पाचाला तीन हे जरा कमीच होतंय, असंही म्हणाल्या.

तळ्यावर बोटवाल्यानं आमच्या टोपल्या पाहिल्या आणि विचारलं की पाण्यावर विक्री करायचा परवाना आहे का. काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, "आम्ही विकत नाही. आम्ही व्याकरण करतोय." बोटवाल्यानं थोडा विचार केला आणि पावती फाडली. व्याकरणाला परवाना लागत नसावा.

एका बोटीत सासूबाई आणि मी. साडीवर लाइफ जॅकेट, मांडीवर टोपली, टोपलीत केळी, आंबे, एक नारळ आणि त्यांनी स्वतः केलेल्या चकल्यांचा डबा. दुसऱ्या मोठ्या बोटीत काका, काकू आणि फुलवाल्या बाई. पाण्यावर बोटी एका जागी राहत नाहीत हे आमच्या तळघरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी किंमत विचारली की उत्तर यायच्या आत ते लांब गेलेले असत. शेवटी त्यांनी छत्रीची मूठ आमच्या बोटीच्या कडेला अडकवली आणि ती मी धरून ठेवली.

"हाऊ मच आर दीज बनानाज?" त्यांनी विचारलं. स्पष्ट आणि बिनचूक. मी खूश झाले.

सासूबाईंनी केळ्यांची फणी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"नो, नो. हाऊ मच?"

मी सासूबाईंना कोपरानं ढोसलं आणि पाच बोटांची आठवण करून दिली. त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, माझ्या चष्म्याचे पैसे घेतले का त्यांनी? आणि मी केळ्यांचे घेऊ?" मग त्यांनी फणीवर दोन आंबे ठेवले आणि वर मूठभर चकल्या.

काकांना काही कळेना. त्यांना वाटलं, ही घासाघिशीचीच एखादी पद्धत असणार. त्यांनी खिशातून पाच युरोची नोट काढून पुढे केली. सासूबाईंनी मान हलवली. त्यांनी दहाची काढली. सासूबाईंनी आणखी जोरात मान हलवली आणि नारळही त्यांच्याकडे सरकवला. भाव पहिल्यांदाच हलला होता, पण उलट्या दिशेनं. काका वाढवत होते, सासूबाई शून्यावरून खाली चालल्या होत्या. काकू हळूच म्हणाल्या, अहो, घ्या की, त्यांना वाईट वाटेल. फुलवाल्या बाई म्हणाल्या, फुकट घेऊ नका, असा धंदा होत नसतो.

आणि तेव्हा काका कळवळून म्हणाले, "इफ यू डोन्ट टेक द मनी, आय वोन्ट टेक द बनानाज."

वसंतापासून मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते हेच. इफ जागच्या जागी, पुढचा काळ बरोबर, आणि शंका खरीखुरी. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. त्यासाठी छत्रीची मूठ सोडावी लागली. त्याच क्षणी काकांनी नोट टोपलीत टाकली, सासूबाईंनी टोपली त्यांच्याकडे ढकलली, बोटी दोन्हीकडे सरकल्या आणि टोपली मधल्या पाण्यात गेली.

नारळ तरंगला. केळीही तरंगली. नोट ओली होऊन एका चकलीला चिकटली. कुठून कुठून बदकं आली आणि चकल्यांवर तुटून पडली. त्या खुसखुशीत झाल्या होत्या याचा तो पुरावा होता, असं सासूबाई अजून सांगतात. बोटवाला स्वतः वल्हवत आला. काही विकलं का, हे त्यानं विचारलंच नाही. बदकांना खायला घालायला इथे बंदी आहे, काठावर पाटी आहे, असं तो म्हणाला. काकांनी ती पाटी वाचलेली होती. नियम आपल्या हातून मोडला गेला याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं आणि त्यांनी माफी मागितली. सासूबाईंनी बोटवाल्याला तोपर्यंत वाचलेलं एक केळं दिलं. त्यानं किंमत न विचारता सोलून खाल्लं.

महिनाअखेरीस सासूबाई परत गेल्या, आणि थंडी पडल्यावर ते तिघं थायलंडला. जानेवारीत परतले ते उन्हानं लाल होऊन. काकूंनी सासूबाईंसाठी बाजारातली रुंद काठाची टोपी आणली होती. ती आम्ही सांगलीला पाठवली. त्या ती घालून गच्चीवर पापड वाळत घालतात, आणि शेजारच्या बायकांना फ्रान्सची म्हणून सांगतात, कारण थायलंड म्हटलं की फार प्रश्न येतात.

पहिल्या गुरुवारी आम्ही पुन्हा तळघरात जमलो. मी म्हटलं, आता इंग्रजीत सांगा, काय काय झालं? तिघांनीही 'वी'पासून सुरुवात केली आणि क्रियापदाशी अडकले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना किंमत विचारता येत होती, अट घालता येत होती, पण झालेली गोष्ट सांगता येत नव्हती. भूतकाळ मी शिकवलाच नव्हता. बाजाराला तो लागत नाही.

मग जे कळलं ते जर्मनमध्येच. काकांनी होडीतल्या बाईला इंग्रजीत भाव विचारला, तर तिनं त्यांच्याकडे एकदा बघून 'गुटेन टाग' म्हटलं आणि किंमत जर्मनमध्ये सांगितली. काका इंग्रजीवर ठाम राहिले, ती जर्मनवर. ते वाक्य जुळवेपर्यंत तिनं स्वतःच भाव कमी केला, मग आणखी कमी केला. काकांना इफ वापरायला जागाच मिळाली नाही. काकूंनी मात्र मासा मागितला, आणि तो त्यांना मिळाला.

मी भूतकाळ शिकवायला घेतला. तासाभरानं काका खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतःचं वाक्य तयार केलं. "शी हॅज स्पोकन जर्मन विथ मी."

"शी स्पोक जर्मन टू मी," मी दुरुस्त केलं.

काकांनी माझ्याकडे चकित होऊन पाहिलं.

"टू यू ऑल्सो?" त्यांनी सहानुभूतीनं विचारलं.