हळदीचा कागद

मंडईतून टोमॅटो आणले की बायको पिशवी ओतते आणि म्हणते, "अहो, निम्मे कच्चेच हायत की! डोळे मिटून घेता का?" मी हसतो. वेंधळा म्हणवून घेणं परवडतं. खरं कारण तिला ठाऊक नाही – मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तर पहिल्याच वाक्याला जीभ अडखळतेय.

मला लाल रंग नीट ओळखता येत नाही. तरुणपणी रेल्वेच्या भरतीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, तेव्हा कळलं. बाकीच्यांना त्यात आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. घरी सांगितलं, पेपर अवघड गेला. मग सोलापुरातल्या एका शाळेत शिक्षक झालो – आणि तेही विज्ञानाचा! झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण ही झाली डोळ्यांची उणीव. तिची लाज कशाला वाटावी? लाज पुढं आहे.

आठवीला आम्ल आणि आम्लारी शिकवायचो. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष – हा क्रम पोरांकडून पाढ्यासारखा म्हणवून घ्यायचो. "दिसतं तेच लिहा," हे माझं पालुपद. तरी पोरं पुस्तकातलं उतरवायची. म्हणून मी एक युक्ती करायचो. हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल होतो. पण एका गटाच्या वाटीत मी निवळीऐवजी साधं पाणी ठेवायचो. त्या गटानं 'लाल झाला' लिहिलं, की चोर सापडला.

त्या दिवशी ती वाटी सुवर्णाच्या गटापुढं होती. सुवर्णा अक्कलकोटकडची, मामाकडं राहून शिकणारी, कमी बोलणारी. तिनं लिहिलं होतं – कागद लाल झाला. मी कागद उचलला. मला तो पिवळाच दिसला, जरा मळकट. मी तिला वर्गापुढं उभं केलं. खोटं निरीक्षण म्हणजे काय, त्यावर भाषणही दिलं.

ती म्हणाली, "सर, लाल हाय की."

पोरं एकदा कागदाकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. मी वाटीत बोट बुडवलं – बुळबुळीत. निवळीच होती ती. वाट्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती.

तेव्हा थांबता आलं असतं ना? "चुकलो" म्हणायला किती वेळ लागतो? पण 'सरांना रंग दिसत नाही' हे शाळाभर होईल, याची भीती वाटली. मी तिला ते वाक्य खोडायला लावलं. 'बदल नाही' असं लिहून घेतलं. कागद समोर लालभडक असेल, आणि ती पोर खाली मान घालून मला हवं ते लिहीत होती. दिसतं ते लिहा म्हणणारा मी – चोराच्या उलट्या बोंबा!

पुढच्या प्रयोगाला सुवर्णा न बोलावता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. परीक्षानळीत थेंब पडला, की माझ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणायची, "गुलाबी झालं, सर." "ह्याला काय बी झालं न्हाय, सर." दहावी होईपर्यंत तिनं हे केलं. तिचं बघून इतर पोरंही रंग मोठ्यानं सांगायला लागली. मुलांकडून निरीक्षण वदवून घेणारे शिक्षक, असं माझं कौतुक झालं. मी ते घेतलं. माझी उरलेली सगळी नोकरी त्या पोरीनं लावलेल्या सवयीवर निभावली. तिचे उपकार आठवले की आजही ऊर भरून येतो.

निवृत्तीच्या समारंभाला ती आली होती. आता ती औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. भाषणात म्हणाली, "सरांनी मला बघायला शिकवलं." टाळ्या पडल्या. मग जवळ येऊन तिनं माझ्या खांद्यावर सत्काराची सोलापुरी चादर घातली, आणि तिची कड सारखी करता करता कानाशी हळूच म्हणाली, "लाल हाय, सर."

माईक पुढ्यातच होता. मी सगळ्यांचे आभार मानले, आणि खाली बसलो.