मोरी कुणाच्या हद्दीत

"दोन-दोन सरकारं जावई केली, आन् दारातलं पाणी हालंना!" सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओरडत होत्या. आवाज उचगावातनं निघाला तो जोतिबाच्या डोंगराला थटून परत आला. मी स्वतः ऐकलाय.

एक सरकार मी. राज्याचं बांधकाम खातं, गावाकडचे रस्ते. दुसरं सरकार माझे साडू. केंद्राचं महामार्ग खातं. मी जन्मभर खड्डे बुजवले, त्यांनी पूल उभारले. माझी जीप ढकलल्याशिवाय चालू होत नसे, त्यांच्या गाडीत मे महिन्यात हुडहुडी भरायची. सासुरवाडीला मटणाची नळी त्यांच्या ताटात, माझ्या ताटात बटाटा. तेव्हा माझ्या पोटात जो जाळ उठायचा, त्यावर अख्ख्या कुरुंदवाडची बासुंदी आटली असती.

गावचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथली रस्त्याखालची मोरी तुंबली होती आणि पाणी सासूबाईंच्या दारात साचलं होतं. एरवी तुंबलेली मोरी दिसली की दोन्ही खाती 'आमची न्हवं' म्हणून पळतात. पण सासूबाईंच्या देखत साडू म्हणाले, "मोरी केंद्राची हाय. उद्या मशीन लावतो."

मी पुढं सरलो. "कशाची केंद्राची? राज्याची हाय. मी काढणार."

टेप ताणली. मी अंगठ्याखाली वीतभर टेप दाबून मोरी राज्यात आणली. साडूंनी बूट सरकवून ती परत दिल्लीला नेली. मग मी माझ्या साहेबांना गाठून साडूंच्या मशीनवर लेखी हरकत घेतली. त्यांनी माझ्या मजुरांवर घेतली. शेवटी दोन्हीकडनं एकच उत्तर आलं: संयुक्त मोजणी होईपर्यंत कुणीही हात लावू नये.

साडूंचं मशीन आल्या वाटेनं परत गेलं. त्या आनंदात मी चार भाकरी जादा हाणल्या. पाणी दारातच होतं, पण ते त्यांनी काढलं नव्हतं, एवढं मला पुरे होतं.

पुढच्या रविवारी गेलो तर अंगण कोरडं ठणठणीत. माझा जीव करपला. म्हणजे वशिला दिल्लीचाच लागला. एवढ्यात साडू आले, अंगण बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचं तोंड नासलेल्या दुधासारखं झालं. तेवढं एक सुख मी मनसोक्त भोगलं. मग राहवेना.

"मामी, मोरी काढली कुणी? राज्यानं का केंद्रानं?"

सासूबाई धुणं वाळत घालत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"पंचायतीत सांगितलं. झाडूवाली बाई आली, मोरीत बांबू घातला."