बिनमण्याची शिट्टी

पूर्णेच्या काठी, वसमतपासून चार कोसांवर, पांगरघाट नावाचे गाव आहे. तिथे संतराम भोई डोंगी चालवतो. डोंगी एकाच खोडातून कोरलेली. मागे वल्हवणारा, पुढे गुडघे छातीशी घेतलेला एक उतारू, एवढीच जागा. पाण्यावर ती चार बोटे वर राहते. पुरात काठावरून डोंगी दिसतच नाही. दोन डोकी दिसतात, तीही वाहत आलेल्या ओंडक्यांसारखी.

१९३६ च्या भाद्रपदात त्यातले एक डोके वाहून गेले. नरसीहून परतणारा एक कासार उतारू होता. डोंगी मधल्या खडकावर अडकून कलली. संतराम घसा फुटेपर्यंत ओरडला. पावसाळ्यात गावाची माणसे पाळीपाळीने दोर घेऊन घाटावर बसत. त्या दिवशीही बसली होती, दोनशे हातांवर. पाण्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू आले नाही. कासार तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. बांबूने ओढून काढला तेव्हा त्याच्या तोंडातून झिंगे पडले. संतरामने त्यानंतर झिंगा खाल्ला नाही. भोयाच्या घरात ही साधी गोष्ट नव्हे.

हाक पुरत नाही, वाजणारी वस्तू हवी, हे त्याने चावडीवर मांडले. त्याच्या अटी स्पष्ट होत्या. एका हाताने वाजली पाहिजे, कारण दुसरा वल्ह्यावर असतो. भिजल्यावर वाजली पाहिजे. आणि तिचा अर्थ एकच असला पाहिजे, दोर आणा.

चावडीवर यावर दोन पावसाळे बोलणे चालले.

शंखाचे नाव निघताच देवळाचे पुजारी मार्तंड म्हणाले, "मासे खाल्लेल्या तोंडाला शंख लावायचा? देव बाटंल."

"तर मग तुमी बसा डोंगीत, मार्तंडकाका," संतराम म्हणाला. "तोंड तुमचं, शंख तुमचा. बुडताना तेवढं फुंका."

लोक हसले. मार्तंडही हसले, पण शंख दिला नाही. हलगीला दोन्ही हात लागतात आणि भिजली की कातडे मऊ पडते. पोलीस पाटील शंकरसिंग म्हणाले, "बायकोला ने संगं. तिचा आवाज माझ्या घरापातूर येतो." पुन्हा लोक हसले. या दोन पावसाळ्यांत डोंगी चाललीच होती, आणि हसणाऱ्यांपैकी निम्मे तिच्यात बसून गेले होते.

शेवटी संतराम वसमतला खाजा मियांकडे गेला. खाजा मिया पितळेचे आणि पत्र्याचे काम करत. त्यांनी आधी मोटारीचा रबरी भोंपू काढून दिला. संतरामने तो बादलीत बुडवून दाबला. उलटी होताना म्हैस जसा आवाज करते तसा झाला.

"हे न्हाई," संतराम म्हणाला.

मग पोलीस वापरतात तशी शिट्टी. तिच्यात बुचाचा मणी होता. कोरडी असताना ती छान वाजली. घटकाभर पाण्यात ठेवली, मणी फुगून बसला, आणि नुसती थुंकी उडाली.

"मणी काढून टाका ना मग," संतराम म्हणाला.

"मण्याबिगर हिचा आवाज लांब जात न्हाई," खाजा मिया म्हणाले. त्यांनी शिट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "बिनमण्याची वेगळी करावी लागंल. दोन नळ्या, एक लांब, एक आखूड. आठ दिवसांनी ये. अन् घाईची तकलीफ देऊ नको."

आठ दिवसांनी ते स्वतः घाटावर आले. संतराम डोंगी घेऊन मधल्या खडकापर्यंत गेला, शिट्टी पाण्यात बुडवली, झटकली आणि फुंकली. खाजा मिया काठ सोडून मागे चालत गेले आणि गावाच्या वेशीपाशी थांबून त्यांनी टोपी हलवली. "बराबर," परत आल्यावर ते म्हणाले. "दोन सूर भांडतात एकमेकांशी, म्हणून पाण्याच्या आवाजात मिसळत न्हाईत." मजुरी म्हणून त्यांनी एक मोठा मरळ मासा नेला.

शिट्टी संतरामने सुतळीने गळ्यात बांधली. गावात दवंडी दिली. तीन लांब शिट्ट्या म्हणजे संतराम अडचणीत आहे, दोर आणा. चावडीवर सगळ्यांनी मान डोलावली. शंकरसिंगांनी स्वतः तीनदा वाजवून पाहिली आणि तोंड पुसून परत दिली.

हे १९३९ च्या आषाढातले. श्रावणात तालुक्याच्या एका अंमलदाराचा तळ शेजारच्या गावी पडला. त्याची मोटार काळ्या चिखलात रुतायची. ती ओढायला, सामान वाहायला माणसे वेठीला धरायची म्हणून त्याचे शिपाई वेशीवर येऊन शिट्टी मारत. एकच, आखूड. ती ऐकली की पांगरघाटची माणसे घरात राहत नसत.

भाद्रपदात पलीकडच्या वस्तीवर एक बाई दोन दिवस अडली होती. सुईण बेबीबाईला घेऊन संतराम निघाला. मध्यात वाहत आलेली बाभूळ डोंगीत आडवी घुसली. डोंगी भरू लागली. बेबीबाई काट्यांची फांदी धरून कंबरभर पाण्यात लटकली. संतरामने एका हाताने तिचे लुगडे धरले आणि दुसऱ्याने शिट्टी तोंडाला लावली. तीन लांब. थांबून पुन्हा तीन.

घाटावर सहा माणसे दोर घेऊन होती. दोर तिथेच टाकून ती पळाली. गावातली माणसे ज्वारीत शिरली. माणसे पुरवायची जबाबदारी शंकरसिंगांवर असे, म्हणून ते उकिरड्याच्या आड जाऊन बसले.

इस्माईल पळाला नाही, कारण तो जन्माचा बहिरा आहे. तो काठाने म्हशी चारत होता. माणसे पळताना दिसली, तेव्हा ती कशापासून पळाली ते बघायला त्याने मागे नदीकडे पाहिले. मग पडलेला दोर उचलून एक टोक जांभळीला बांधले, दुसरे कमरेला, आणि थोरली म्हैस पाण्यात घालून तिची शेपटी धरली. दोघे वर आले तेव्हा बेबीबाईच्या दोन्ही तळव्यांत काटे मोडले होते. ती दुसऱ्या दिवशी पलीकडे पोचली. लेकरू जगले होते, आई नाही.

चावडीवर संतरामने विचारले, "ऐकू आली होती?"

"लई चांगली," एक जण म्हणाला. "पार वेशीपातूर."

"किती?"

"तीन. मोजल्या ना."

"मग काहून न्हाई आले?"

"वेठीचीबी शिट्टीच असती," शंकरसिंग म्हणाले.

"ती एक असती. आखूड."

दोरावरच्या सहांपैकी एक म्हणाला, "शिपायांनी तीन मारल्या तर? जो बघायला जाईल तोच सापडतो."

कोपऱ्यात हात फडक्यात गुंडाळून बसलेली बेबीबाई म्हणाली, "पाटील, वाऱ्याच्या त्या अंगाला बसा. उकिरड्याचा वास येऊन राहिला."

मार्तंडांनी घसा साफ केला. "आता शंखाचा पुन्यांदा विचार करायला हरकत न्हाई," ते म्हणाले. "शंखाला कोणी भिणार न्हाई." आणि काही माना खरोखरच डोलल्या.

संतराम उठला. ओट्याच्या कडेला जाऊन थुंकला आणि घरी गेला.

त्यानंतर त्याने डोंगीत एक बांबू ठेवला, त्याला हातभर लाल फडके. कशासाठी, हे त्याने चावडीला सांगितले नाही. एकट्या इस्माईलला हातवारे करून सांगितले. तेव्हापासून पावसाळ्यात इस्माईलच्या म्हशी घाटावरच चरतात. गावाची पाळी आपोआप बंद पडली, आणि ती बंद पडल्याचे कोणाला वाईट वाटल्याचे दिसले नाही. नऊ वर्षांत फडके चारदा वर गेले. चारही वेळा दोर आला.

१९४८ मध्ये निजामाचा अंमल संपला. वेठ गेली. दिवाळीनंतर शंकरसिंग चार माणसे घेऊन घाटावर आले.

"आता कुणी पळायचं न्हाई," ते म्हणाले. "तू बिनघोर शिट्टी वाजव. आमी येऊ."

शिट्टी संतरामच्या गळ्यातच होती, सुतळी तेवढी नवी. त्याने ती बोटांत धरून पाहिली.

"शिट्टीत बिघाड कवाच नव्हता, पाटील," तो म्हणाला.

मग त्याने काठावर इस्माईल आहे ना ते पाहिले, बांबू नीट ठेवला आणि डोंगी पाण्यात लोटली.